थंडीच्या दिवसांत मिरचीचे बी घरात कसे रुजवावे?

महाराष्ट्रात ज्या शेतकऱ्यांच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी टिकते, त्यांपैकी अनेकजण जानेवारीच्या अखेरीस अथवा फेब्रुवारीच्या आरंभी मिरचीची लागवड करतात. थंडीत रोपे लागवडीजोगी होण्यास ४० ते ४५ दिवस लागत असल्यामुळे या लागवडीचे बी डिसेंबरच्या मध्यास टाकावे लागते. नेमके हेच दिवस कडाक्याच्या थंडीचे असतात. खानदेश, नाशिक व विदर्भ या भागांत या काळात रात्रीचे तापमान पुष्कळदा १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थंडीची लाट आली म्हणजे निफाडसारख्या ठिकाणी ते ५ अंशांच्याही खाली उतरते. अशा वेळी उघड्यावरील वाफ्यात किंवा ओसरीवरील ट्रेमध्ये टाकलेले मिरचीचे बी आठवडा लोटला तरी वर येत नाही. दहाव्या दिवशी शेतकऱ्याचा धीर सुटतो. कोणी माती उकरून पाहतो, कोणी पाण्याचा मारा वाढवितो, तर कोणी बी वांझ निघाले असे समजून ट्रे रिकामे करतो व दुसरी पुडी विकत आणतो.

यांत होणारे नुकसान केवळ पुडीच्या किमतीचे नसते. लागवड दोन-तीन आठवडे लांबली, तर झाडे फुलावर येतात ती एप्रिल-मेच्या प्रखर उन्हात. आणि अति उष्णतेत मिरचीची फुलगळ होते, हे सर्व अनुभवी शेतकरी जाणतात. म्हणजे डिसेंबरात गमावलेले पंधरा दिवस शेवटी तोड्याच्या वेळी मोजून द्यावे लागतात. म्हणून बी न उगवण्याचे खरे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. बहुतेक वेळा बियात दोष नसतो. त्याला हवी ती ऊब मिळालेली नसते. ती ऊब घराच्या चार भिंतींच्या आत थोड्या खर्चात देता येते.

उष्ण प्रदेशाचे मूळ

मिरची हे भारताचे मूळचे पीक नव्हे. तिचे माहेर मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात असून सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या व्यापारामार्फत ती या देशात आली. वांगी, टोमॅटो व बटाटा यांच्याच कुळातील ही वनस्पती आहे. चार शतकांहून अधिक काळ येथे नांदल्यामुळे तिची झाडे आपल्या हवामानास सरावली आहेत. परंतु बी रुजण्याच्या बाबतीत मात्र तिने आपला मूळ स्वभाव सोडलेला नाही. जमीन उबदार झाल्याखेरीज तिचे बी हालचाल करीत नाही.

मिरचीचे बी चपटे असते. त्याच्या आत कोवळा अंकुर वळलेल्या स्थितीत असून त्याच्याभोवती कठीण अन्नसाठ्याचे वेष्टन असते. बियाने पाणी शोषले, तरी मूळ लगेच बाहेर पडू शकत नाही. मुळाच्या टोकापुढील वेष्टन आधी मऊ पडावे लागते. हे काम बियातच निर्माण होणारी पाचक द्रव्ये करतात आणि त्यांना उष्णतेची जरुरी असते. ऊब कमी असेल तर हे काम मंदावते. फारच कमी असेल तर थांबते. बी मात्र त्या वेळीही जिवंत असते.

ओलसर मातीचे तापमान किती असता मिरचीचे रोप वर येण्यास किती दिवस लागतात, याचे साधारण मान पुढीलप्रमाणे आहे :

१० अंश सेल्सिअस — उगवण होत नाही
१५ अंश — सुमारे २५ दिवस
२० अंश — सुमारे १२ ते १३ दिवस
२५ अंश — सुमारे ८ ते ९ दिवस
३० अंश — सुमारे ८ दिवस
३५ अंश — सुमारे ९ दिवस
४० अंश — उगवण होत नाही

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे, १५ अंशांत जे बी २५ दिवस घेते तेच बी २५ अंशांत ९ दिवसांच्या आत वर येते. दुसरी म्हणजे, उष्णता अधिक तितकी उगवण चांगली असेही नाही. ३० अंशांपुढे लाभ होत नाही व ४० अंशांस बी रुजतच नाही. तेव्हा २५ ते ३० अंश हे मान डोळ्यांपुढे ठेवावे. रात्री तापमान २० अंशांपर्यंत उतरले तरी चिंतेचे कारण नाही. बियाणे परीक्षणाच्या प्रयोगशाळांतही मिरचीच्या बियास दिवसाचा काही काळ ३० अंश व उरलेला काळ २० अंश असेच तापमान देतात.

हे आकडे मातीचे आहेत, हवेचे नव्हेत, हे विसरू नये. ओली माती उघडी राहिली म्हणजे तिच्यातील पाण्याची वाफ होत असते व त्यामुळे ती भोवतालच्या हवेपेक्षा थंड पडते. उन्हाळ्यात माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथेही असते. म्हणून ट्रे नुसता घरात आणून ठेवल्याने भागत नाही. तो झाकावाही लागतो.

मटकीच्या मोडांवरून बियाची परीक्षा

सर्व बी ट्रेमध्ये टाकण्यापूर्वी त्याची परीक्षा करून घेणे हिताचे असते. मटकीला मोड आणण्याची रीत घराघरांतून ठाऊक आहे. मिरचीच्या बियाची परीक्षा बहुतांशी तशीच असते. मटकीला एक-दोन दिवसांत मोड येतात, मिरचीला आठवडा ते पंधरवडा लागतो, एवढाच फरक.

पिशवीतील बी हलवून एकजीव करावे व न निवडता १०० बिया मोजून घ्याव्यात. संकरित बी महाग असल्यास ५० बियाही चालतील. स्वच्छ सुती फडके पाण्यात भिजवून घट्ट पिळावे, त्यावर बिया एकमेकींस न लागतील अशा पसराव्यात आणि फडक्याची सैल गुंडाळी करावी. ही गुंडाळी झाकणाच्या डब्यात ठेवून डबा उबदार जागी ठेवावा. दररोज एकदा झाकण काढून हवा खेळू द्यावी व फडके सुकत असल्यास कोमट पाणी शिंपडावे. फडक्यातून पाणी निथळत असेल तर ते अधिक झाले असे समजावे; पाण्यात बुडालेल्या बियास हवा मिळत नाही व ते कुजते. सातव्या दिवशी पहिली मोजणी व चौदाव्या दिवशी शेवटची मोजणी करावी. १०० पैकी जितक्या बियांस निरोगी मोड आले तितके टक्के उगवणशक्ती समजावी. मोड आलेल्या बिया फेकून न देता ट्रेमध्ये लावाव्यात. या परीक्षेस दोन आठवडे लागत असल्याने ती नोव्हेंबरच्या अखेरीसच सुरू करावी.

कंपनीने औषध लावलेले रंगीत बी हाताळताना हातमोजे घालावेत. असे बी विषारी असते. परीक्षेस वापरलेले फडके व डबा पुन्हा स्वयंपाकाच्या कामी घेऊ नये.

प्रमाणित मिरची बियाण्याची उगवणशक्ती किमान ६० टक्के असावी, असे मानक ठरलेले आहे. याचा अर्थ असा की, चांगल्या बियाचेही सर्वच दाणे उगवतील अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही. ट्रे किती भरावेत याचा हिशेब यावरूनच करावा. उदाहरणार्थ, २० गुंठे क्षेत्रात ६० × ४५ सेंटिमीटर अंतराने सुमारे ७,४०० रोपे बसतात. उगवण व रोपांची किरकोळ तूट धरून १०० बियांपासून ७५ रोपे हाती येतील असे मानल्यास सुमारे ९,९०० बिया टाकाव्या लागतील. एका ग्रॅममध्ये साधारणतः १५० ते १७० बिया असतात. म्हणजे ६० ते ६५ ग्रॅम बी व ९८ कप्प्यांचे सुमारे १०० ट्रे लागतील. परीक्षेत उगवण कमी आढळली, तर त्या मानाने बी व ट्रे वाढवावेत.

दोन गुंडाळ्यांचे प्रात्यक्षिक

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने हीच परीक्षा जोडीने करून दाखविल्यास तिचा प्रभाव अधिक पडतो. एकाच पुडीतील ५० बियांची एक व ५० बियांची दुसरी अशा दोन गुंडाळ्या कराव्यात. एक गुंडाळी घरात उबदार जागी ठेवावी व दुसरी तशाच डब्यात बाहेरच्या ओसरीवर ठेवावी. दोन्हींस पाणी सारखेच द्यावे. दहाव्या दिवशी चार शेतकऱ्यांच्या समक्ष दोन्ही उघडाव्यात. आतल्या गुंडाळीत मोड आलेले दिसतात, तेव्हा बाहेरच्या गुंडाळीतील बिया फुगलेल्या परंतु निमूट पडलेल्या आढळतात. त्यानंतर बाहेरची गुंडाळी उबेत आणून ठेवावी. थोड्याच दिवसांत तिच्यातील बियांसही मोड येऊ लागले, म्हणजे बी मेलेले नव्हते हे निराळे सांगावे लागत नाही.

घरातील उबेची जागा

उबेसाठी मोठ्या सामग्रीची गरज नाही. जी खोली दिवसा उन्हाने तापते व रात्री दारे-खिडक्या बंद करून वारा अडविता येतो, ती पसंत करावी. फरशीवर थेट ट्रे ठेवू नयेत. फळ्या, भुसा भरलेली पोती किंवा गवताचा थर खाली घालावा. थोडेसेच बी रुजवावयाचे असल्यास चुलीजवळची फळी उत्तम. मात्र डबा धगीत सापडू नये.

एक साधा तापमापक विकत घेऊन जवळ ठेवावा. त्याचा खर्च बियाच्या एका पुडीच्या मानाने क्षुल्लक असतो. तापमापकाचे टोक ट्रेमधील भुशात खोचून सकाळी, दुपारी व रात्री आकडा पाहावा व तो भिंतीवर लिहून ठेवावा. दोन दिवसांत त्या जागेचा गुण कळून येतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी तापमान फार चढण्याचा संभव असतो. तेथे दुपारी दार उघडून वारा घ्यावा. प्लॅस्टिकने झाकलेली थप्पी थेट उन्हात तर केव्हाही ठेवू नये. आतील उष्णता थोड्याच वेळात ४० अंशांपलीकडे जाऊन बी भाजून निघते.

रात्री ऊब कमी पडत असेल, तर गरम पाण्याने भरलेले घट्ट झाकणाचे कॅन थप्पीच्या दोन्ही बाजूंस ठेवून सर्वांवर गोणपाट पांघरावे. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी वापरतात तसा विजेचा दिवाही उपयोगी पडतो. तो तारेच्या जुन्या पद्धतीचा असावा लागतो. हल्लीच्या एलईडी दिव्यापासून पुरेशी ऊब मिळत नाही. दिवा प्लॅस्टिकपासून व गोणपाटापासून दूर टांगावा, वायर ओल्या जागेतून नेऊ नये आणि रात्री तो निर्धास्तपणे सोडून देऊ नये. आगीचा धोका पत्करून मिळविलेली ऊब महागात पडते. ताज्या शेणखताच्या ढिगावर ट्रे ठेवण्याची युक्ती काही ठिकाणी करतात. परंतु ढिगाची उष्णता आवरता येत नाही, म्हणून नवख्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

ट्रे भरणे व बी टाकणे

रोपांसाठी निर्जंतुक केलेला नारळाचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, वापरणे सोयीचे असते. शेतातील माती थंडीत घट्ट बसते, तिच्यात हवा कमी खेळते व रोगाचे बीजाणूही असतात. कोकोपीट भिजवून मुठीत दाबावे. बोटांतून पाण्याचे दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये. ट्रे जुने असल्यास ते स्वच्छ धुऊन उन्हात वाळवून घ्यावेत.

औषध न लावलेल्या बियास ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची भुकटी किलोस ५ ग्रॅम या प्रमाणात चोळावी. घरचे साधे बी टाकण्यापूर्वी ८ ते १२ तास कोमट पाण्यात भिजविण्यास हरकत नाही. मात्र ट्रायकोडर्मा चोळावयाची ती भिजवून सावलीत सुकविल्यानंतर चोळावी. बी दिवसचे दिवस पाण्यात ठेवू नये. औषध लावलेले रंगीत बी मात्र भिजवू नये. भिजविल्याने औषध धुऊन जाते.

प्रत्येक कप्प्यात एक बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकावे व वरून भुसा अलगद पसरावा. बी उथळ पडले तर त्याचे टरफल रोपाच्या पानांवर टोपीसारखे अडकून बसते. फार खोल पडले तर कोंबाची शक्ती वर येण्यातच खर्ची पडते. टोपी अडकलेली दिसल्यास ती नखाने ओढून काढू नये. पाण्याचा हलका फवारा दिला म्हणजे टरफल मऊ होऊन बहुधा आपोआप गळून पडते.

ज्यांना परसबागेपुरती ३०-४० झाडेच हवी असतील, त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे फडक्यात मोड आणून ते बी ट्रेमध्ये लावावे. मोड तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतका होताच बी उचलावे. अधिक लांबलेला मोड हाताळताना तुटतो. ईशान्य भारतातील भूत जोलोकियासारख्या अतितिखट जाती निराळ्या प्रजातीच्या असून त्यांचे बी आपल्या नेहमीच्या मिरचीहून पुष्कळदा सावकाश रुजते. त्यांच्या बाबतीत तीन-चार आठवडे वाट पाहण्याची तयारी ठेवावी.

थप्पी व तिची राखण

भरलेले ट्रे सुमारे दहा-दहांच्या थप्प्यांत एकावर एक रचावेत व प्रत्येक थप्पी सर्व बाजूंनी प्लॅस्टिकच्या कागदाने झाकावी. त्यामुळे ओल उडून जात नाही व ऊब आत टिकते. मिरचीच्या बियास रुजण्यासाठी उजेड लागत नसल्याने अंधाराची चिंता करू नये. थप्पी झाकलेली असेतोवर सहसा पाणी देण्याची गरज भासत नाही. तापमान योग्य असताना बी न उगवण्याचे सर्वांत मोठे कारण जादा पाणी हेच असते.

पाचव्या दिवसापासून दररोज सकाळ-संध्याकाळ वरचा, मधला व खालचा असे तीन ट्रे काढून पाहावेत. थप्पीच्या मध्यभागी ऊब अधिक असल्याने तेथील बी प्रथम वर येते. वरचा ट्रे पाहून सर्व थप्पीचा निर्णय केल्यास मधल्या ट्रेमधील रोपे अंधारात लांबून बसतात.

उजेडात आणण्याची वेळ

घरात बी रुजविण्याच्या पद्धतीत सर्वांत नाजूक क्षण हाच होय. कोंब वर दिसू लागेपर्यंत बियास ऊब हवी असते. कोंब दिसताच रोपास उजेड हवा असतो. ट्रेमध्ये कोंब फुटू लागले, की सर्व बिया उगवण्याची वाट न पाहता तो ट्रे थप्पीतून काढून उजेडात मांडावा. यात एका दिवसाचाही विलंब झाला तर रोपे उंच, पांढुरकी व लुळी होतात आणि अशी रोपे पुढे सुधारत नाहीत. खिडकीतील उजेड पुरेसा वाटला तरी तो एका बाजूनेच येतो व रोपे तिकडे वाकतात. यासाठी घराबाहेर शेडनेटखाली किंवा विरळ सावलीत जागा आधीच तयार ठेवावी.

शेडनेटखाली ट्रेभोवती ४० ते ५० मेशची बारीक जाळी लावावी. पांढरी माशी व अन्य रसशोषक किडी रोपावस्थेतच बोकड्या व विषाणूरोगांचा प्रसार करतात. त्यांना आरंभीच अडविणे इष्ट असते. रात्री थंडी असल्यास ट्रेवर बांबूच्या कमानी करून प्लॅस्टिक टाकावे व सकाळी ऊन चढताच ते काढावे. दिवसा झाकण तसेच राहिले तर आत दमटपणा वाढून रोग बळावतो. पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने ट्रे रात्रभर थंड व ओले राहतात. तलावाचे किंवा टाकीचे पाणी पहाटे फार गार असते. ते थोडे उन्हाने निवळल्यावर अथवा विहिरीचे ताजे पाणी काढून वापरावे.

लागवडीपूर्वी आठवडाभर पाण्याचे प्रमाण कमी करून रोपांस हळूहळू पुऱ्या उन्हाची सवय लावावी. आडोशात वाढलेले रोप एकदम शेतात लावले तर ते कोमेजते.

रोपे कोलमडणे

उगवलेली रोपे जमिनीलगत काळी पडून आडवी होतात, त्यास रोपे कोलमडण्याचा रोग म्हणतात. ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशींमुळे हा रोग होतो. थंडीत बी सावकाश रुजत असल्याने ते व त्याचा कोंब अधिक दिवस या बुरशींच्या तावडीत राहतात. म्हणून योग्य ऊब हा या रोगावरीलही एक इलाज ठरतो. स्वच्छ ट्रे, मोजके पाणी, खेळती हवा व बीजप्रक्रिया एवढी पथ्ये पाळल्यास रोगाचा उपद्रव फारसा होत नाही. रोगट कप्पे दिसताच भुशासह काढून टाकावेत. तरीही रोग पसरत असल्यास औषधाची निवड व मात्रा कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने व वेष्टनावरील सूचनांप्रमाणेच ठरवावी.

आणखी एक पथ्य सांगणे आवश्यक आहे. तंबाखू मळलेले हात न धुता रोपांस लावू नयेत. तंबाखूच्या पानांतून येणारा विषाणू मिरचीसही बाधतो व तो हातांवाटे पसरतो. रोपवाटिकेच्या दाराशी साबण व पाणी ठेवावे.

घरचे बी धरताना

सुधारित सरळ वाणांचे बी घरी धरता येते. संकरित वाणाचे बी धरू नये, कारण पुढील पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत. मिरचीत परपरागीकरण बरेच होते. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटभोवती दुसऱ्या वाणापासून २०० मीटर अंतर राखण्याचा नियम याचसाठी आहे. घरच्या बियासाठी प्लॉटच्या मध्यभागातील निरोगी झाडे खुणेची फडकी बांधून राखावीत व त्यांची पूर्ण लाल झालेली फळे घ्यावीत. बोकड्या पडलेल्या किंवा पानांवर पिवळसर चट्टे असलेल्या झाडांची फळे घेऊ नयेत.

बी काढताना हातमोजे घालावेत. तिखटपणा बियात नसून बी ज्या पांढऱ्या गाभ्यास चिकटलेले असते त्यात असतो. तथापि बी काढताना तो हातास लागतो व डोळ्यांची आग होते. बी सावलीत चांगले वाळवावे. तापलेल्या पत्र्यावर किंवा फरशीवर कडक उन्हात वाळविलेल्या बियाची उगवणशक्ती घटते. वखारीतील सुक्या मिरचीतून झडलेल्या बियावर विसंबू नये, याचे हेही एक कारण आहे. वाळलेले बी हवाबंद बाटलीत भरून थंड व कोरड्या जागी ठेवावे व बाटलीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे. दमट हवेत, विशेषतः कोकणात, उघड्या पिशवीतील बी लवकर निकामी होते. शक्यतो मागील हंगामाचेच बी वापरावे. काही वाणांचे नुकतेच काढलेले बी लगेच नीट उगवत नाही. थोडे आठवडे विसावा मिळाल्यावर तेच बी चांगले रुजते.

उगवण झालीच नाही तर

योग्य ऊब, मोजके पाणी व पुरेसे दिवस देऊनही उबेतील गुंडाळीत बी उगवले नाही, तर मात्र बियाण्यात दोष असल्याची शंका घेण्यास जागा आहे. बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये अधिसूचित वाणांच्या बियाण्याची किमान उगवणशक्ती ठरवून दिलेली असून ती राखणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. खरेदीची पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व थोडे शिल्लक बी शेतकऱ्याने पिकाची काढणी पूर्ण होईतो जपून ठेवावे व तालुका कृषी कार्यालयाकडे लेखी तक्रार वेळेवर करावी. आपण बी कोणत्या दिवशी टाकले व त्या काळात तापमान किती होते याची टिपणे जवळ असल्यास तक्रारीस बळकटी येते. भिंतीवर लिहिलेले तापमानाचे आकडे येथेही उपयोगी पडतात. उलट, थंडीत उघड्यावर टाकलेल्या बियाबद्दल तक्रार केली व चौकशीत बी चांगले निघाले, तर वेळही जातो आणि गावात नाहक वितुष्ट येते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी डिसेंबर उजाडण्यापूर्वीच गावातील मिरची लावणाऱ्या शेतकऱ्यांची यादी करावी, दोन गुंडाळ्यांचे प्रात्यक्षिक एखाद्या मध्यवर्ती घरी मांडावे आणि निदान एक तापमापक सर्वांस वापरण्यासाठी उपलब्ध ठेवावा. शेतकऱ्यांच्या घरातील स्त्रियांना या प्रात्यक्षिकास अवश्य बोलवावे. मोड आणण्याचे कसब त्यांच्या हाती पूर्वीपासूनच आहे आणि घरातील थप्पीकडे लक्षही बहुधा त्यांनाच पुरवावे लागते. २५ ते ३० अंशांची ऊब, पिळलेल्या फडक्याइतकी ओल, आठ ते चौदा दिवसांचा धीर आणि कोंब दिसताच उजेड, एवढ्या चार गोष्टी सांभाळल्या तर डिसेंबरातले बी जानेवारीच्या अखेरीस लागवडीजोगे रोप होऊन शेतकऱ्याच्या हाती येईल, व एका पुडीच्या जागी दोन पुड्या घेण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.